जुनं मोटरहोम घेताना: किती चाललं यापेक्षा किती कोरडं राहिलं ते पाहा

मोटरहोममध्ये खाली गाडी असते आणि वर घर. खालची गाडी चालवून झिजते. वरचं घर मात्र बहुतेक वेळा नुसतं उभं राहूनच खराब होतं, आणि त्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: पाणी. पहिल्यांदा मोटरहोम घेणारे लोक कार घेतल्यासारखे आधी किलोमीटर विचारतात. माझं सांगणं असं की तो प्रश्न तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर ठेवा. युरोपातली बरीच मोटरहोम फियाट डुकाटो, मर्सिडीज स्प्रिंटर, फोर्ड ट्रान्झिट अशा मालवाहू व्हॅनच्या चासीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर बांधलेली असतात. या व्हॅन लाखो किलोमीटर चालतात, त्यांचे सुटे भाग मिळतात आणि त्या उघडून बसवणारे मेकॅनिकही भरपूर आहेत. कुजलेली भिंत दुरुस्त करायची तर आतली कपाटं, पलंग, खिडकी सगळं उतरवावं लागतं, आणि तो खर्च कधीकधी गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतो.

कुटुंबासाठी घेताना यात आणखी दोन गोष्टी येतात: प्रवासात प्रत्येकाला नीट बसता येईल अशी पट्ट्याची जागा, आणि सगळं सामान भरल्यावरही कायद्याच्या मर्यादेत राहणारं वजन. विक्रेते या दोन्हींबद्दल आपणहून फारसं बोलत नाहीत. म्हणून सुरुवात तिथूनच करू, आणि तीही गाडी पाहायला जाण्याआधी.

पहिली पायरी: बसणारे किती, झोपणारे किती

जाहिरातीत 'सहा जणांसाठी' लिहिलेलं असतं तेव्हा तो आकडा बहुधा झोपण्याच्या जागांचा असतो. चालत्या गाडीत बसायला पट्ट्यासह सहा जागा असतीलच असं नाही. अनेकदा चारच असतात. नोंदणीच्या कागदावर प्रवासी क्षमता दिलेली असते, ती बघा आणि मग प्रत्यक्ष पट्टे मोजा. जुन्या गाड्यांमध्ये मागच्या बाकाला फक्त कमरेचा पट्टा असतो, काहींत तोही नसतो. पट्टा कुठे बांधलाय हे गादी उचलून पाहायला संकोचू नका. तो चासीला जोडलेल्या पोलादी चौकटीत बसवलेला हवा, प्लायवूडच्या खोक्यात नव्हे. भिंतीला पाठ लावून आडवं बसायचे सोफे प्रवासासाठी धोक्याचे आहेत, कारण धडकेत शरीर बाजूला फेकलं जातं आणि पट्टा त्या दिशेने आधार देत नाही. मुलांची सुरक्षा सीट अशा सोफ्यावर कधीच लावू नये.

मुलं लहान असतील तर त्यांच्या सीट सोबत घेऊन जा आणि विक्रेत्यासमोर बसवून बघा. मोटरहोमचा मागचा बाक कारच्या सीटपेक्षा उभट आणि अरुंद असतो, त्यामुळे कारमध्ये घट्ट बसणारी सीट तिथे डुगडुगू शकते. मुलांची सीट थेट गाडीला अडकवायच्या आयसोफिक्सच्या कड्या जुन्या गाड्यांत फार कमी वेळा सापडतात.

आता झोपण्याचं. पलंगाची रचना ही सहलीतला रोजचा त्रास किंवा रोजचं सुख ठरवते. जेवणाचं टेबल खाली करून, गाद्या जोडून बनणारा पलंग दोन-तीन रात्री चालतो. पंधरा दिवस रोज संध्याकाळी तो मांडायचा आणि रोज सकाळी मोडायचा म्हटलं की माणसं कंटाळतात. शिवाय एखादं मूल आठ वाजता झोपलं की मोठ्यांना बसायला जागाच उरत नाही. लहान मुलं असलेल्या घराला माझी पसंती मागे कायमचे एकावर एक पलंग असलेल्या रचनेला. मुलं मागे झोपतात, पडदा ओढला की पुढची जागा मोठ्यांना मोकळी. चालकाच्या डोक्यावरचा पलंग मुलांना फार आवडतो, पण तिथे उन्हाळ्यात गरम होतं आणि थंडीत छताला दव धरतं. पडू नये म्हणून जाळी आणि भक्कम शिडी हवी, आणि सहा वर्षांखालच्या मुलाला वरच्या पलंगावर झोपवू नये. छतातून खाली येणारा पलंग असेल तर तो खाली केल्यावर दरवाजा, टेबल आणि स्वच्छतागृह यांपैकी काय काय अडतं ते बघा. रात्री एकाला उठायचं झालं तर बाकीच्यांना न उठवता जाता येतं का, हा प्रश्न कागदावरच्या नकाशात दिसत नाही. त्यासाठी आत शिरून, झोपून पाहावं लागतं. पलंग टेपने मोजा. व्हॅनमध्ये आडवा बसवलेला पलंग उंच माणसाला हमखास तोकडा पडतो.

याची खात्री करण्याचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे जी रचना मनात आहे तशीच गाडी दोन-तीन रात्रींसाठी भाड्याने घेणं. पाऊस लागला तर उत्तमच. तेवढ्यात कळतं की ओल्या चपला कुठे ठेवायच्या, आणि सगळे आत असताना ओट्याशी उभ्या असलेल्याला वळता येतं का.

दुसरी पायरी: वजनाचं गणित कागदावर मांडा

हा भाग रुक्ष वाटतो म्हणून लोक सोडून देतात, आणि नेमका कुटुंबांनाच त्याचा फटका बसतो. प्रत्येक गाडीला कमाल मान्य वजन असतं. गाडी, माणसं, पाणी, इंधन, सामान सगळं धरून त्यापुढे जायचं नाही. युरोपातल्या बऱ्याच मोटरहोमना ही मर्यादा ३५०० किलो असते, कारण तिथे साध्या कारच्या परवान्यावर तेवढीच गाडी चालवण्याची परंपरागत मर्यादा आहे. तुमच्या परवान्यावर किती वजनाची गाडी चालवता येते ते आधी तपासा.

कमाल वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरतं ते पेलोड, म्हणजे भार उचलण्याची क्षमता. समजा ती ४२० किलो आहे आणि रिकाम्या वजनात चालक आधीच धरलाय. दुसरा मोठा माणूस ६५, दोन मुलं मिळून ७०, उरले २८५. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा १०० लिटरची टाकी भरली की १८५. बाजूला लावायचा मंडप ३० किलो, चार सायकली आणि त्यांचा स्टँड ६०, उरले ९५. गॅसचा दुसरा भरलेला सिलिंडर २५, उरले ७०. अजून कपडे, अंथरुणं, भांडी, खाणं, खुर्च्या, टेबल, खेळणी, पाण्याचा पाइप, विजेची केबल काहीच भरलेलं नाही. माणशी १७-१८ किलोत हे सगळं बसवायचं आहे.

माहितीपत्रकातलं रिकामं वजन ही गाडी नवी असतानाची गोष्ट असते, आणि त्यात पाणी पूर्ण टाकीचं धरलेलं असेलच असं नाही. मधल्या मालकांनी सौर पॅनेल, दुसरी बॅटरी, मंडप, टीव्ही, सायकल स्टँड बसवलेला असतो आणि प्रत्येकाने या क्षमतेतून आपला वाटा आधीच घेतलेला असतो. म्हणून व्यवहार पक्का करण्याआधी गाडी वजनकाट्यावर न्या. शक्य असेल तर पुढचा आणि मागचा आस (चाकांच्या जोडीचा अ‍ॅक्सल) वेगवेगळा तोला. एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा आस जास्त भरलेला असणं ही मोटरहोमची फार सामान्य तक्रार आहे. त्यामागचं कारण तरफेचं आहे. दोन आसांमध्ये ४ मीटर अंतर असेल आणि सायकली मागच्या आसाच्या २ मीटर मागे टांगल्या असतील, तर ६० किलोच्या सायकली मागच्या आसावर ९० किलोचा भार टाकतात आणि पुढच्या आसावरून ३० किलो उचलतात. पुढची चाकं ओढणारी गाडी असेल तर ओल्या गवतावर, चढावर तीच चाकं हलकी होऊन फिरत राहतात.

आकाराबद्दल थोडक्यात. व्हॅनमध्येच बनवलेलं घर सुमारे साडेपाच ते साडेसहा मीटरचं असतं आणि चालवायला सोपं. चौघांना मात्र आवळतं. डोक्यावर पलंग असलेल्या रुंद बॉडीत त्याच लांबीत जास्त माणसं झोपतात, पण उंची ३ मीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त जाते आणि वाऱ्याला गाडी जास्त डुलते. सात मीटरपुढच्या गाड्यांत ऐसपैस वाटतं, फक्त गाडी कुठे उभी कराल, जवळचं वळण कसं घ्याल, तुम्हाला आवडणाऱ्या कॅम्पच्या जागेत ती मावते का, हे आधी ठरवा.

तिसरी पायरी: जाण्याआधी फोनवर

फोनवर पाच मिनिटं नीट बोललं तर फुकटचा प्रवास वाचतो. गाडी वर्षभर कुठे उभी असते, छताखाली की उघड्यावर? ओलीची शेवटची तपासणी कधी झाली, लेखी अहवाल आहे का? टायर कोणत्या वर्षीचे? टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे भाग एका तालात फिरवणारा पट्टा, कधी बदलला आणि पावती आहे का? ज्याने गाडी खरोखर सांभाळली आहे त्याला या प्रश्नांचा राग येत नाही. तो बहुधा फाइल काढूनच बोलायला लागतो.

मग तीन विनंत्या करा. इंजिन थंड ठेवा. पाण्याच्या टाकीत पाणी आणि गॅसचा सिलिंडर जोडलेला असू द्या. फ्रिज आदल्या रात्रीपासून चालू ठेवा. बहुतेक जुन्या मोटरहोममधला फ्रिज वीज, गाडीची बॅटरी आणि गॅस या तिन्हींवर चालणारा, उष्णतेने थंड करणारा असतो. त्याला थंड व्हायला बारा ते चोवीस तास लागतात, त्यामुळे तासाभराच्या भेटीत तो चांगला की बिघडलेला हे कळणारच नाही. 'थंडीसाठी पाणी काढून ठेवलंय, सगळं चालतं' असं उत्तर आलं तर पाण्याची यंत्रणा चालवून दाखवल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. पाइपात राहिलेलं पाणी गोठून गीझर फुटणं ही थंड प्रदेशात नेहमी घडणारी गोष्ट आहे.

वेळ दिवसाची निवडा. पाऊस पडून गेल्यावरचा दिवस मिळाला तर तोच घ्या.

चौथी पायरी: ओल शोधणं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. तासभर लागला तरी चालेल, आणि विक्रेता घाई करत असेल तर तिथेच सावध व्हा.

आधी रचना समजून घ्या. जुन्या बांधणीत लाकडाची चौकट असते, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून पातळ प्लाय आणि मधे फोम. दोन पत्रे जिथे मिळतात तिथे सांध्यात सीलंट भरून वर पट्टी स्क्रूने बसवलेली असते. वर्षांगणिक सीलंट कडक होतं, गाडी चालताना बॉडी पिळवटते, सांध्याला केसाएवढी फट पडते आणि स्क्रूच्या भोकातून पाणी आत झिरपतं. बाहेरचा पत्रा आणि आतला प्लाय यांच्यामध्ये ते अडकतं. बाहेर निघायला वाट नसते, म्हणून लाकूड महिनोन् महिने ओलं राहून कुजतं. आत डाग दिसेपर्यंत बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं. बऱ्याच नव्या गाड्यांत फायबरचा थर आणि लाकडाऐवजी कृत्रिम चौकट वापरतात. त्या कुजत नाहीत, तरी पाणी आत शिरलं की प्लाय आणि फर्निचर खराब होतंच. पोलादी व्हॅनमध्ये हा धोका गंजाच्या रूपात येतो, विशेषतः खिडक्या आणि छतावरचे झरोके कापून बसवलेल्या कडांना.

दार उघडल्यावर पहिली गोष्ट नाकाने करा. सगळ्या खिडक्या बंद असताना आत जा आणि क्षणभर थांबा. कोंदट, ओल्या पुठ्ठ्यासारखा वास लपत नाही. तिखट सुगंधी फवारा मारलेला असेल तर तो कशासाठी मारला हे शोधत राहा.

मग डोळे. छताचे चारही कोपरे, झरोक्यांच्या भोवती, खिडक्यांच्या खालच्या कडा, डोक्यावरच्या पलंगाचा पुढचा कोपरा, मागचे दिवे ज्या भिंतीत आहेत तिची आतली बाजू, चाकांवरचा फुगवटा. ओल शोभेच्या जागेत कमी आणि लपलेल्या जागेत जास्त असते, म्हणून गाद्या उचला, बाकाखालचे कप्पे रिकामे करायला सांगा, कपाटाच्या आत टॉर्च मारा. भिंतीवरचा कागद सुरकुतलेला, एखादीच पट्टी नव्याने चिकटवलेली, स्क्रूच्या डोक्याभोवती तपकिरी वलय, काळे ठिपके हे सगळे एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात.

नंतर हात. अंगठ्याने भिंत दाबत जा, विशेषतः कोपऱ्यात आणि खिडकीखाली. निरोगी भिंत टणक लागते. ती दबत असेल, आत पोकळ कुरकुरत असेल, तर आतला प्लाय गेलेला आहे. जमिनीवर अनवाणी किंवा पातळ मोज्यांनी चाला. दार, ओटा आणि न्हाणीघर यांच्यापुढे पाऊल घातल्यावर जमीन स्पंजासारखी वाटली तर थर सुटलेत. नुसत्या वापराने थर सुटले असतील तर त्यात राळ भरून जमीन पुन्हा घट्ट करता येते. पाण्याने कुजली असेल तर तो इलाज चालत नाही. दोन्हींतला फरक गाडीखाली वाकून, खालचा प्लाय काळा पडलाय का ते बघून कळतो. न्हाणीघरातल्या प्लॅस्टिकच्या तबकाला तडा असेल तर तो किरकोळ मानू नका. प्रत्येक आंघोळीचं पाणी त्यातून जमिनीत उतरलेलं असतं.

शेवटी मीटर. लाकडातला ओलावा मोजणारं साधं यंत्र सहज मिळतं आणि ते स्वतःचं असणं चांगलं. टोचणारं यंत्र बारीक भोकं पाडतं, तेव्हा परवानगी घ्या आणि पट्टीच्या आड, कपाटाच्या आत टोचा. साधारण १५ टक्क्यांपर्यंतचा आकडा चांगला समजतात. १५ ते २० मध्ये लक्ष ठेवावं, २० च्या वर पाणी कुठून येतंय ते शोधलंच पाहिजे, आणि ३० च्या पुढे लाकूड खराब झालेलं असण्याची शक्यता दाट. हवा दमट असेल तर सगळेच आकडे थोडे चढतात. म्हणून एका आकड्यावर जाऊ नका. गाडीभर वीस-तीस ठिकाणी मोजा आणि कुठला कोपरा बाकीच्यांपेक्षा वेगळा बोलतोय ते बघा. टोचण्याची गरज नसलेली यंत्रं मागे धातूचा पत्रा असला की खोटा मोठा आकडा दाखवतात, हेही लक्षात असू द्या.

बाहेरून शिडी लावून छत बघा, पण त्यावर पाय ठेवू नका. सीलंटला भेगा, झरोक्याच्या प्लॅस्टिकला उन्हाने पडलेले तडे, मंडपाच्या रुळाचे सुटलेले स्क्रू तपासा. एकाच कोपऱ्यात ताज्या सिलिकॉनचा जाड थर दिसला तर त्या कोपऱ्याच्या आत मीटर परत लावा.

निर्णय कसा घ्यायचा? खिडकीच्या खाली वरवरची ओल बहुतेकदा श्वासातल्या बाष्पाची असते; ती पुसली जाते, भिंत टणक असते, काळजी नको. एका जागी चढलेला आकडा, कारण कळलेलं, भिंत अजून कडक, अशी गाडी दुरुस्तीचा लेखी अंदाज काढून तेवढी किंमत कमी करून घेता येईल. दोन कोपरे ओले किंवा एकही भिंत मऊ लागली तर गाडी कितीही देखणी असो, सोडून द्या. ओल नेहमी दिसते त्यापेक्षा जास्त पसरलेली असते.

पाचवी पायरी: खालची गाडी

थंड इंजिन स्वतःसमोर सुरू करून घ्या. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय. पांढरा दाट धूर इंजिन तापल्यावरही थांबला नाही तर मोठा बिघाड असू शकतो. टायमिंग बेल्ट ठरावीक किलोमीटर किंवा ठरावीक वर्षं, यांपैकी जे आधी येईल तेव्हा बदलायचा असतो. वर्षाला थोडीशीच चालणाऱ्या मोटरहोममध्ये वर्षं आधी भरतात आणि मालकाला वाटत राहतं की अजून बराच वेळ आहे. तो तुटला तर बऱ्याच इंजिनांचं अतोनात नुकसान होतं. पावती नसेल तर बदललेला नाही असंच धरा.

टायरचंही तसंच. त्यावरची नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर उभ्या उभ्या म्हातारं होतं. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात: २३१९ असेल तर २०१९ सालातला २३वा आठवडा. सहा-सात वर्षांपुढचे टायर बदलायचेच असं समजून किंमत ठरवा. बाजूला बारीक भेगा असतील तर वय बघायचीही गरज नाही. मोटरहोमसाठी सीपी खुणेचे मजबूत टायर येतात. ते आहेत का बघा, कारण ही गाडी वर्षभर पूर्ण भारातच उभी असते.

फार कमी चाललेली गाडी माझ्या मते थोडी संशयास्पदच. ब्रेकच्या चकत्यांना गंज चढतो, चकती दाबणारे कॅलिपर अडकतात, सील सुकतात, उंदीर वायरी कुरतडतात. दरवर्षी काही हजार किलोमीटर चाललेली आणि वेळेवर सर्व्हिस झालेली गाडी जास्त विश्वासाची. युरोपातल्या अनेक शहरांत जुन्या डिझेल गाड्यांना आत सोडत नाहीत, तेव्हा तिकडे फिरायचं असेल तर गाडी धुराच्या प्रदूषणाच्या कोणत्या युरो मानकाची आहे ते कागदावर बघा.

सहावी पायरी: गॅस, पाणी, वीज

या यंत्रणा एक एक करून चालवा, सगळ्या, आणि विक्रेत्याने चालवू नयेत, तुम्ही चालवा. तुम्हालाच रात्री अंधारात त्या चालवायच्या आहेत.

गॅसबाबत तडजोड नको. गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाशी बाहेर उघडणारी भोकं असतात. कोणी थंडी वाजते म्हणून ती बुजवली असतील तर पहिली गोष्ट ती मोकळी करा. रबरी नळीवर तारीख छापलेली असते. जुनी असेल, वाकवल्यावर भेगा दिसत असतील तर बदलायची. शेगडीचे सगळे बर्नर, हीटर, गरम पाणी, फ्रिज गॅसवर पेटवून बघा. ज्योत निळी हवी. पिवळी, काजळी धरणारी ज्योत अर्धवट जळणाऱ्या गॅसची, आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, ज्याला रंग नाही, वास नाही. त्याचा अलार्म गाडीत असला तरी त्याची मुदत बघा आणि शंका आली तर नवा लावा. थंडीत कॅम्पिंग करणार असाल तर सिलिंडर प्रोपेनचा घ्या, कारण ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचंच थांबतं. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत चालतं.

पाणी: सगळे नळ बंद करून पंप चालू ठेवा आणि पाच मिनिटं शांत बसा. दाबावर चालणारा पंप मधूनच आपोआप सुरू झाला तर कुठेतरी गळतंय. गरम पाणी येईपर्यंत थांबा. संडासखालच्या मैल्याच्या पेटीची रबरी झडप सरकवून बघा, पेटी पूर्ण बाहेर काढून बघा. लहान मुलांसह चार जणांना १७-२० लिटरची पेटी दीड-दोन दिवसच पुरते, हे मनाशी धरा.

वीज: घराची बॅटरी वेगळी असते. बाहेरची वीज आणि इंजिन बंद करून, थोडा वेळ थांबून व्होल्टमीटर लावा. नेहमीच्या लेड-ॲसिड बॅटरीत १२.७ व्होल्टच्या आसपास पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे निम्मा, १२ च्या खाली जवळजवळ रिकामी. मग दिवे, पंप अर्धा तास चालवा आणि परत मोजा. आकडा धाडकन घसरला तर बॅटरी संपलेली आहे. अशी बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त उतरवू नये, म्हणजे १०० अँपिअर-तासांची बॅटरी प्रत्यक्षात ५० देते. बाहेरची वीज जोडल्यावर झटका लागण्यापासून वाचवणारा संरक्षक स्विच त्याच्या चाचणीच्या बटणाने पडतो का ते बघायला विसरू नका. मधल्या मालकांनी स्वतः केलेली वायरिंग, फ्यूज नसलेले जोड, टेप गुंडाळलेल्या तारा दिसल्या तर इलेक्ट्रिशियनला दाखवूनच पुढे जा.

पडदे, कव्हरं, खराब झालेली गादी, कपाटाची तुटलेली कडी यांवर वेळ घालवू नका. खिडक्या मात्र अपवाद: त्या ॲक्रिलिकच्या असतात, त्यांना तडा गेला तर जुन्या गाडीसाठी नवी मिळणं कठीण आणि महाग.

सातवी पायरी: रस्त्यावर, मग कागद

निदान अर्धा तास चालवा, सगळ्या कुटुंबासह. मागे बसलेल्यांना आवाज किती येतो, पट्टा गळ्याला लागतो का, गार वारा येतो का हे पुढे बसून कळत नाही. चढावर हँडब्रेक लावून बघा, गाडी मागे घेऊन बघा, घट्ट वळण घेताना मागचा भाग बाहेर किती झुलतो ते आरशात बघा. मागच्या चाकांच्या मागे बॉडी लांब असलेल्या गाडीत हे शिकावं लागतं. गाडीची उंची, छतावरचं सगळं धरून, स्वतः मोजा आणि डॅशबोर्डवर चिकटवा.

कागदांत चासी क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी जुळतो का, नोंदणी मोटरहोम म्हणून झालीय का, गाडीवर कर्ज बाकी आहे का हे तपासा. घरी बदल करून व्हॅनचं मोटरहोम केलेलं असेल तर ते अधिकृतपणे नोंदलेलं असणं फार महत्त्वाचं, नाहीतर विमा अडतो. विम्याचा दर व्यवहाराआधीच विचारून घ्या. ओलीचे जुने अहवाल वर्षवार असतील तर ते सर्व्हिस बुकाइतकेच मोलाचे आहेत. सगळ्या किल्ल्या मागा: गाडीची, दाराची, पाण्याच्या झाकणाची, गॅसच्या कप्प्याची.

भाड्याने दिलेली गाडी म्हणून लगेच नाक मुरडू नका. तिच्यावर ओरखडे जास्त असतात, पण ती नियमित तपासली गेलेली असते. कधीकधी तीच जास्त कोरडी निघते.

हाताशी असलेले सगळे पैसे गाडीतच घालू नका. माझा आग्रह असा की खरेदीच्या किमतीचा दहावा भाग तरी बाजूला ठेवावा; टायर, बॅटरी, बेल्ट, नळ्या यांतलं काहीतरी पहिल्याच वर्षी निघणार.

घेतल्यावर

पहिल्या दोन-तीन रात्री लांब जाऊ नका. घरापासून तासाभराच्या अंतरावर उभी करा. त्याआधी पाण्याची टाकी आणि पाइप निर्जंतुक करा, गॅसची नळी बदला, अलार्म तपासा. सहलीचं सगळं सामान भरून, टाकी भरून, सगळे बसून पुन्हा वजनकाट्यावर जा, आणि त्या वजनानुसार टायरमधला हवेचा दाब ठरवा.

मग एका कागदावर गाडीचा साधा नकाशा काढा आणि मीटरचे आकडे जागेवार, तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच मीटरने, त्याच जागा मोजा. एखाद्या कोपऱ्याचा आकडा १२ वरून १८ वर गेला असेल तर तिथला सांधा पावसाळ्याआधी उकलून नव्या सीलंटने बंद करून घ्या. भिंत अजून कडक असताना हे काम एका दिवसात होतं.